फुकटच्या सिमचे बिल कोण भरतो?

आमच्या वस्तीतील एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी अडकला. कागदपत्रे सगळी तयार होती, जात प्रमाणपत्र होते, उत्पन्नाचा दाखला होता. अडकला तो ओटीपीवर. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा आणि वडिलांचा रिचार्ज संपून महिना उलटलेला. कंपनीने आधी आउटगोइंग बंद केले, मग इनकमिंगही. वडील चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहेत. त्यांना इंटरनेट लागत नाही, फक्त बोलायला फोन लागतो. तरी दुकानदार त्यांना दर २८ दिवसांनी रोज दीड जीबी डेटाचाच पॅक मारून देत होता. "यापेक्षा स्वस्त नाही काका," हे त्याचे ठरलेले उत्तर.

ही गोष्ट किरकोळ वाटते काय? आम्हाला वाटत नाही. आमच्या चळवळीत फोन, इंटरनेट आणि टीव्ही यांची निवड हा घरगुती खरेदीचा विषय समजला जातो. मोर्चा, निवेदन, जयंती हे राजकारण. सिमकार्ड मात्र ज्याचे त्याचे. आमचा या समजुतीला स्पष्ट विरोध आहे. ज्या वाटेने आमची शिष्यवृत्ती, हॉल तिकीट, सातबारा, रेशन आणि बातमी घरात येते, त्या वाटेचा मालक कोण आणि त्याचा टोल किती, हा राजकीय प्रश्नच आहे.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून ते पत्र उभे राहिले. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना काढला. लिहिणारा हात आपला असून भागत नाही, पोहोचवणारे साधनही आपल्या हाताच्या टप्प्यात लागते, हा त्यातला धडा आहे. जयंतीला आपण बाबासाहेबांचा फोटो स्टेटसला ठेवतो, पण ते स्टेटस ज्या जाळ्यावरून जाते त्याचा हिशोब कधी मागत नाही.

आता हिशोबच मांडू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मार्च २०१७ पर्यंत सगळे फुकट मिळाले. आपल्या वस्त्यांतही रांगा लागल्या. त्यात आम्हीही होतो, हे लपवत नाही. त्यानंतर काय झाले? एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो, अनिल अंबानींची रिलायन्स, एकेक दुकान बंद झाले. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. दहा-बारा कंपन्यांच्या बाजारात तीन खासगी आणि एक सरकारी उरली. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा २३९ रुपयांचा २८ दिवसांचा रिचार्ज २९९ झाला. २८ दिवसांचा 'महिना' धरला की वर्षात १३ रिचार्ज होतात. म्हणजे एका फोनचे वर्षाला ३,८८७ रुपये आणि चार फोनच्या घराचे १५,५४८ रुपये. त्या एका दरवाढीने चार फोनच्या घरावर वर्षाला ३,१२० रुपयांचा बोजा टाकला. कुठल्याही सरकारने एवढा कर लावला असता तर क्रांती चौकात मोर्चा निघाला असता. कंपनीने लावला म्हणून आपण मुकाट गुगल पे उघडले.

या बाजाराचा खेळ बघायला आम्हा औरंगाबादकरांना मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. या शहराने देशाला टीव्ही दिला असे आपण अभिमानाने सांगायचो. त्याच घराण्याने मोबाइल कंपनी काढली, छतावरच्या छत्रीची सेवा काढली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, त्यात २१ व्हिडिओकॉनचे होते. पुढे त्यांचे स्पेक्ट्रम एअरटेलकडे गेले, छत्रीची सेवा डिश टीव्हीत विलीन झाली आणि २०१८ मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांचे हजारो कोटी अडकले. चितेगावच्या कामगारांच्या घरातली चूल थंड झाली. तेव्हा 'आपल्या शहराची कंपनी', 'स्वदेशी कंपनी' अशा भावनेवर निवड करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की भांडवलाला गाव नसते.

मग काही मित्र म्हणतात, अमुक कंपनीवर बहिष्कार टाका. हा मेसेज ते त्याच कंपनीच्या डेटावरून पाठवतात! बहिष्कार हे आपले हत्यार आहे, पण ते चालवण्याआधी पर्याय तपासावा लागतो. बीएसएनएलचा मुद्दा इथे येतो. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि ते संविधानातच लिहिलेले असावे, अशी मागणी केली होती. सरकारी दूरसंचार खात्यात आणि नंतर बीएसएनएलमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना आरक्षण मिळाले. आपल्या किती घरांतला पहिला पगार तिथून आला! खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. २०२० च्या जानेवारीत बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्तीवर घरी गेले, तेव्हा त्यासोबत किती राखीव जागा पुसल्या गेल्या याचा हिशोब कोणी मागितला? सरकारने तिला फोरजी द्यायला वर्षानुवर्षे लावली आणि मग म्हणाले, लोकच तिकडे जात नाहीत. आधी पाय बांधायचे आणि मग शर्यतीत हरला म्हणायचे, हा न्याय आमच्या समाजाला नवा नाही.

तरीही डोळे मिटून बीएसएनएल घ्या असे आम्ही सांगणार नाही. ज्या घरात मुलगी ऑनलाइन परीक्षा देते, तिथे रेंज नसलेली निष्ठा काय कामाची? आधी शेजाऱ्याच्या फोनवर घरात, संध्याकाळी गर्दीच्या वेळी चालवून पाहा. चालत असेल तर मात्र दोन रुपये वाचवणारा आणि राखीव जागा टिकवणारा पर्याय झिडकारू नका.

वायफायची गोष्ट आणखी वेगळी आहे. आमच्या वस्तीतील पोरांनी एका कंपनीला फायबरसाठी फोन केला. उत्तर आले, "तुमच्या भागात फिजिबिलिटी नाही." रस्ता ओलांडला की कॉलनीत तीच वायर खांबाखांबावर लोंबते आहे. कोणी म्हणेल, यात जात कुठे आली, हा नफ्याचा हिशोब आहे. मान्य, नफ्याचाच आहे. पण गावकुसाबाहेर कोणाला बसवले, शहरात आल्यावर नाल्याकाठी कोण राहिले, हे जातीने ठरवले आणि नफा आता त्याच नकाशावर वायर टाकतो. हेतू नसला तरी परिणाम तोच राहतो. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरील अभिव्यक्तीला संविधानाच्या कलम १९ चे संरक्षण असल्याचे सांगितले. ज्याच्या दारात वायरच येत नाही, त्याने ते संरक्षण कुठे पाहायचे?

टीव्हीचेही तसेच. २०१९ पासून चॅनेल निवडण्याचा हक्क प्रेक्षकाचा आहे, पण केबलवाला तयार पॅक गळ्यात मारतो. नागपूरहून चालणारे 'आवाज इंडिया' आणि 'लॉर्ड बुद्धा टीव्ही' तुमच्या पॅकमध्ये दिसतात का? दिसत नसतील तर मागितले का? बातम्यांच्या नावाखाली रोज द्वेष ओकणारी पैसे घेणारी चॅनेल काढून टाका, असे एकदा तरी सांगितले का? डीडी फ्री डिशला तर महिन्याचे भाडेच नाही, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की झाले.

तर करायचे काय? फक्त बोलण्यासाठी फोन लागणाऱ्या आई-वडिलांसाठी डेटा नसलेला पॅक मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने असा पॅक ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. दुकानदार नाही म्हणाला तर कंपनीच्या ॲपवर पाहा. कंपनी छळत असेल तर नंबर तोच ठेवून बाहेर पडा. १९०० वर 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून मेसेज करा, कोड येतो. तक्रार तोंडी करू नका, तक्रार क्रमांक घ्या, मग कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. तिथेही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले असून पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन लक्षात ठेवा.

आणि सर्वात महत्त्वाचे, एकट्याने भांडू नका. एकटा ग्राहक कंपनीच्या लेखी एक नंबर असतो. पण विहारात बसून पन्नास घरांनी एकच अर्ज लिहिला की 'फिजिबिलिटी' आपोआप निर्माण होते. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास काढा. प्रत्येकाने आपला पॅक, त्याचे पैसे आणि प्रत्यक्ष गरज वहीत लिहावी. ज्या घरातले पैसे वाया जात असतील, तिथे वाचलेल्या पैशांतून मुलांची पुस्तके घ्यावीत.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे फक्त भिंतीवर रंगवण्यासाठी नाही. रिचार्जच्या दुकानातही ते लागू होते.

जय भीम! जय संविधान!