‘येतो’ म्हणून निघताना

रविवारची पहाट. पेठेतील दुकान बंद असल्याने घर अजून साखरझोपेत असते. सव्वीस वर्षांचा मुलगा मात्र पाच वाजता उठतो, जिन्याखालची सायकल आवाज न करता बाहेर काढतो आणि दार ओढून घेऊ लागतो. आईला जाग येतेच.

“इतक्या लवकर कुठे रे?”

“मित्राकडे. येतो दुपारपर्यंत.”

नमुन्यादाखल हे घर डोळ्यांसमोर आणावे. असे मुलगे आज अनेक व्यापारी कुटुंबांत आहेत. सहा दिवस गल्ला, उधारीची वसुली आणि जीएसटीची विवरणपत्रे यांत गेल्यावर सातव्या दिवशी त्यांना डोंगर हाक मारतो. त्यांच्या सायकलीची किंमत घरात सर्वांना ठाऊक असते. ती सायकल जाते कोठे, हे मात्र बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

डोंगरातील कच्च्या वाटांवर सायकल चालविण्याच्या या खेळाला माउंटन बायकिंग म्हणतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील मरिन परगण्यात १९७० च्या दशकात तो रूढ झाला. काही तरुण जुन्या, जाड चाकांच्या सायकली घेऊन तेथील उतारांवरून भरधाव खाली येत. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या एका शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ असे पडले. एका उतरणीतच मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की त्यातील ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर तेथे नव्याने ग्रीस भरावे लागे. नावाचा उगम हाच. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आज सायकलींना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि धक्के शोषणारे सस्पेन्शन असते. यंत्र सुधारले, उतार मात्र तेवढाच उभा राहिला.

एकट्याने डोंगरात जाण्याची जोखीम कशी असते, हे समजून घेण्यासाठी ॲरन राल्स्टनचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हा तरुण शिक्षणाने अभियंता आणि डोंगरांत मुरलेला होता. २६ एप्रिल २००३ रोजी, शनिवारी, तो युटा राज्यातील वाळवंटी दऱ्यांच्या प्रदेशात गेला. आपली मोटार एका ठिकाणी उभी करून तो माउंटन बाइकने ब्लूजॉन कॅन्यनच्या वरच्या तोंडाशी पोहोचला, सायकलीला कुलूप लावले आणि अरुंद घळीत पायी उतरला. तेथे एक प्रचंड शिळा निसटली आणि तिच्याखाली त्याचा उजवा हात चिरडून अडकला. जवळ पाणी थोडे, खाणे त्याहून थोडे. पाच दिवसांनंतर, १ मे रोजी, त्याने आपल्याच हाताची हाडे मोडली, एका बोथट छोट्या सुरीने हात कापून वेगळा केला, एका हाताने दोर धरून सुमारे ६५ फुटांचा कडा उतरला आणि चालत असताना त्याला भेटलेल्या एका डच कुटुंबाच्या साहाय्याने तो वाचला. या घटनेवर त्याने २००४ मध्ये पुस्तक लिहिले. २०१० मध्ये त्यावर ‘१२७ अवर्स’ हा चित्रपट आला आणि त्याला संगीत ए. आर. रहमान यांनी दिले.

त्याच्या धैर्याचे कौतुक जगभर झाले. जमाखर्च पाहणाऱ्या माणसाची नजर मात्र दुसऱ्या एका नोंदीवर थांबते, किंबहुना न झालेल्या नोंदीवर. कोठे चाललो आहोत, हे राल्स्टनने कोणालाच सांगितले नव्हते. तो कामावर आला नाही तेव्हा काळजी सुरू झाली. परंतु शोधायचे कोठे, हाच प्रश्न होता. त्याची मोटार सापडल्यावर शोधाला दिशा मिळाली, पण तोवर बहुमोल दिवस निघून गेले होते. अपघात शिळेमुळे झाला, यात शंका नाही. पाच दिवसांचा एकांतवास मात्र एका न सांगितलेल्या वाक्यामुळे घडला.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे राहतात. कितीही सचोटीचा अधिकारी असला तरी तो एकटा तिजोरी उघडू शकत नाही. एकट्याची चूक एकट्याच्या लक्षात येत नाही, हा अनुभव त्या नियमामागे आहे. डोंगरातही हेच खरे. सोबती असेल तर मोडलेले मनगट हा एक दुखरा प्रसंग ठरतो. सोबती नसेल तर तेच मनगट, उतरता सूर्य आणि रिकामी बाटली एकत्र आल्यावर जिवावर बेतू शकते.

सायकलस्वाराच्या बाबतीत आणखी एक गणित लक्षात घ्यावे लागते. पायी जाणारा जेवढा दूर जातो, तेवढाच चालत परत येऊ शकतो. सायकलस्वार तासाभराच्या उतरणीत इतके अंतर मागे टाकतो की साखळी तुटली तर तेच अंतर सायकल ढकलत चढण्यास तीन-चार तास लागतात. वेग ही उचल आहे. तिची परतफेड पायांना करावी लागते, आणि तीही व्याजासह.

इजांचे स्वरूपही घरातील वडीलधाऱ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे. तीव्र उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबला गेला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. तो हात टेकवून स्वतःला सावरू पाहतो आणि त्यात मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडते. याहून फसवी इजा पोटाची. हँडलचे टोक पोटात बसल्यास बाहेर केवळ एक वळ उमटतो. आत यकृताला किंवा प्लीहेला इजा होऊन रक्तस्राव होत असू शकतो. पोटदुखी वाढू लागली, घाम सुटला, चक्कर आली तर घरगुती उपचारांत वेळ न घालविता रुग्णालय गाठले पाहिजे. डोक्याला मार लागला असता एकट्याची अडचण सर्वांत मोठी. कारण पुढे जावे की थांबावे, हा निर्णय त्याच दुखावलेल्या मेंदूला घ्यायचा असतो. म्हणून नियम आधीच ठरवावा. डोक्यावर आपटल्यानंतर गरगरले, मळमळले किंवा काही आठवेनासे झाले तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचे नाही. मोठा आघात झेललेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे. त्याच्या आतील फोमचा थर एकदा चेपला की पुन्हा तसाच आघात शोषू शकत नाही.

सह्याद्रीची स्वतःची अशी काही बजावणी आहे. पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळ धरते आणि उत्तम टायरही त्यावर पकड घेत नाही. सकाळी गुडघाभर असलेला ओढा दुपारच्या सरींनंतर ओलांडता येत नाही. पावसाळा सरला की वाळलेल्या उतारांवर सुटी माती आणि बारीक दगडांचा घसारा उरतो. उन्हाळ्यात उघड्या पठारांवर मैलोन्‌मैल सावली नसते आणि टाक्यांतले पाणी आटलेले असते. कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. तेथे गोंगाट, धूर आणि उग्र वासाचे अत्तर टाळलेलेच बरे. घाटमाथ्यावर मोबाइलचे चार दांडे दिसतात आणि दरीत दोन वळणे उतरताच एकही उरत नाही. म्हणूनच घरच्यांना मोबाइलवर पाठविलेल्या ‘लाइव्ह लोकेशन’वर सर्वस्वी विसंबता येत नाही, ते रेंज गेली तेथेच थांबते. परदेशात अनेक जण उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे यंत्र बाळगतात. भारतात मात्र उपग्रह फोन व तत्सम यंत्रे सरकारी परवानगीवाचून वापरणे बेकायदेशीर आहे. तेव्हा अमेरिकेतील आतेभावाने प्रेमाने आणलेली भेटही नियम तपासल्याशिवाय पिशवीत घालू नये. वनखात्याच्या हद्दीत, विशेषतः अभयारण्यांत, सायकल नेण्यास परवानगी आहे का, हेही आधी विचारावे.

मग एकट्याने जाऊच नये काय? सर्वांत सुरक्षित उत्तर ‘नको’ हेच आहे. परंतु ज्याला आठवडाभर माणसांच्या गर्दीत बोलावे लागते, त्याला दोन तास कोणाशीही न बोलण्याची ओढ वाटली तर ती समजून घेण्यासारखी आहे. अशाने निदान तीन गोष्टी वर्ज्य मानाव्यात: कधीही न पाहिलेली वाट, पावसातील उतरण आणि सूर्यास्तानंतरचा प्रवास. सोबत असताना जो कठीण टप्पा सायकलवरून उतरावा, तो एकटे असताना खाली उतरून चालत पार करावा. त्यात कमीपणा नाही. परत फिरण्याची वेळ घरीच ठरवावी आणि ती झाली की शिखर शंभर पावलांवर असले तरी वळावे.

पिशवीतील वस्तूंची यादी लांब नाही, पण एकही वगळण्याजोगी नाही. जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, साखळी जोडण्याचे हत्यार आणि कडी, बँडेज व दाबपट्टी, छोटी विजेरी, पूर्ण भारित पॉवर बँक. उन्हाच्या दिवसांत ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरून चालावे आणि त्यावर एक बाटली राखीव ठेवावी. खाण्यासाठी गूळपापडी, खाकरा, खजूर पुरतात. उपवासाच्या दिवशी, त्यातही पाणी वर्ज्य असेल तर, हा खेळ करू नये. व्रत आणि उतार दोन्हींना पूर्ण लक्ष लागते. गळ्यात शिट्टी असावी. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबणे आणि पुन्हा सहा वेळा, हा डोंगरातील संकटाचा जुना संकेत आहे. ओरडणाऱ्याचा घसा बसतो, शिट्टीचा बसत नाही. खिशात रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्या दोघांचे क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवावे. फोन लागलाच तर ११२ हा आपत्कालीन आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक. बोलणे तुटत असेल तर साधा एसएमएस कित्येकदा पोहोचतो.

आणखी एक कागद आहे, तो कपाटात असतो. व्यक्तिगत अपघात विम्याच्या अनेक पॉलिसींत साहसी खेळांतील अपघात वगळलेले असतात. हप्ता वेळेवर भरणारी घरेही ते बारीक अक्षर वाचत नाहीत. मुलाच्या पॉलिसीत काय वगळले आहे, हे दावा करण्याच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेले चांगले.

या सर्वांहून महत्त्वाची आणि एक पैसाही खर्च न होणारी खबरदारी म्हणजे नोंद. जुन्या पेढीवर वसुलीसाठी गावोगाव जाणारा मुनीम कोणत्या वाटेने जाणार, कोणाकडे उतरणार आणि कोणत्या वारी परतणार, हे गादीवर ठाऊक असे. तीच शिस्त येथे हवी. निघण्यापूर्वी चार ओळी लिहून ठेवाव्यात: सुरुवात कोठून, वाट कोणती आणि शेवटची वाडी कोणती, परतण्याची वेळ काय, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा. परतण्याची वेळ आणि शोधाची वेळ या दोन वेगळ्या असाव्यात. पंक्चर काढण्यात तासभर जाऊ शकतो. त्यासाठी घराने घाबरू नये. परंतु शोधाची वेळ उलटली की ‘येईल एवढ्यात’ म्हणत अंधार पडू देऊ नये. डोंगरात मदतीला धावणारी माणसे बहुधा स्वयंसेवक असतात. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आपली कामे सोडून, स्ट्रेचर खांद्यावर घेऊन चढतात. त्यांना नेमकी वाट सांगता आली तर तासांचे काम होते. ‘डोंगराकडे गेला असेल’ एवढेच सांगता आले तर रात्र जाते. शेवटच्या वाडीतील चहाच्या टपरीवरही सांगून पुढे जावे. गुराख्याला वाट ठाऊक असते आणि सकाळी गेलेली सायकल परतली नाही, हे सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येते.

आता पुन्हा त्या रविवारच्या घराकडे वळू. मुलगा ‘मित्राकडे’ असे का म्हणाला? गेल्या खेपेस खरे सांगितले तेव्हा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दुकानातल्या माणसांसमोर त्याला झापले होते. आजीने पाणी सोडण्याची धमकी दिली होती. आईने सायकल विकून टाकण्याचा विषय काढला होता. या सर्वांमागे माया होती. परंतु त्या मायेचा परिणाम एवढाच झाला, की मुलगा डोंगरात जायचा थांबला नाही, सांगायचा थांबला. आज त्याला काही झाले तर घरचे लोक आधी मित्राकडे फोन करतील, मित्र गोंधळेल, आणि सगळी धावपळ चुकीच्या दिशेने सुरू होईल. घराने घातलेल्या बंदीने जोखीम कमी झाली नाही. ती केवळ वहीबाहेर गेली. वहीबाहेरचा व्यवहार किती महागात पडतो, हे व्यापाऱ्याच्या घराला दुसऱ्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून पहिली खबरदारी मोठ्यांनी घ्यावयाची आहे. मुलाला खरे सांगणे सोपे जाईल, असे घर ठेवावे. मतभेद असेल तर तो शनिवारी रात्री जेवणानंतर निवांत बोलावा. पहाटे दारात बोलू नये. फ्रिजवर एक कोरा कागद लावावा. मुलाने त्यावर चार ओळी लिहाव्यात, आईने त्या वाचाव्यात, आणि दुपारी परतल्यावर त्याने स्वतःच्या हाताने त्यांवर रेघ मारावी. संध्याकाळी रोजमेळ जुळतो, तसा हा रविवार जुळला पाहिजे.

आपल्याकडे घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. त्या एका शब्दात परतण्याचे वचन असते. त्या वचनापुढे वाट आणि वेळ लिहिलेली असली, म्हणजे ते पाळण्यास घरालाही हातभार लावता येतो.