शिपायाच्या बाराशे खेपा

वाचनालयाच्या १२०० पुस्तकांची यादी मी नातीच्या मदतीने जँगोत केली. डेटाबेस दूरच्या सर्व्हरवर. पान उघडता उघडेना! नवा संगणक घ्यायलाच निघालो होतो. नातीने आतले एसक्यूएल दाखवले: पुस्तकांची एक क्वेरी, मग प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी वेगळी. एकूण १२०१! दर मुलाच्या नावासाठी शिपायाला ऑफिसात पिटाळावे, तसे. 'सिलेक्ट रिलेटेड' घातले, एका खेपेत काम झाले. एका पुस्तकाचे अनेक वाचक हवे असतील तर 'प्रीफेच रिलेटेड'. त्याच्या दोन खेपा.

ओआरएम सोयीचे खरेच. पण पाढे येण्याआधी मुलांच्या हाती कॅल्क्युलेटर देऊ नये, असे मी जन्मभर सांगत आलो. इथे मीच तो विद्यार्थी निघालो. आता आधी एसक्यूएल गिरवतो आहे. तुम्हीही गिरवा, मंडळी!