मापात पाप

माहुलच्या हवेला सरकारी निर्देशांक ‘समाधानकारक’ ठरवतो त्या दिवशीही तेथील माणसाचा घसा जळत असू शकतो, आणि तरीही यंत्र बिघडलेले नसते व माणूस खोटे बोलत नसतो. हे कसे घडते ते आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. 2009 सालच्या राष्ट्रीय मानकांत 12 प्रदूषकांच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. त्यांत बेंझीन आहे व त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. परंतु 2014 साली जो हवा गुणवत्ता निर्देशांक जाहीर झाला आणि जो आज प्रत्येकाच्या हातातील फोनवर हिरव्या-तांबड्या रंगांत दिसतो, त्याच्या हिशेबात केवळ 8 प्रदूषक धरले जातात. त्या आठांत बेंझीन नाही. टोल्यूइनसारख्या वायूंना तर मूळ मानकांतही जागा मिळालेली नाही. तेलाच्या टाक्यांमधून आणि शुद्धीकरणातून जे बाहेर पडते, नेमके तेच ज्या मापात धरलेले नाही, त्या मापाने तेलाच्या टाक्यांशेजारच्या वस्तीची हवा जोखली जाते. बाजारातल्या वाण्याने असे केले असते तर आपण त्याला मापात पाप म्हटले असते. सरकारने केले की त्याला शास्त्र म्हणतात!

माहुल, आंबापाडा आणि चेंबूर येथील रहिवाशांचा हा अनुभव नवा नाही. तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती आधीची. एस्सो व बर्मा शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने आले 1954-55 साली, मागोमाग वीजकेंद्र आले, खताचा कारखाना आला, आणि पुढे रसायने साठवणाऱ्या खाजगी टाक्यांची रांग उभी राहिली. 2013 साली केईएम रुग्णालयाने ह्या भागात पाहणी केली, तेव्हा 67.1 टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्ये येथील रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचा निष्कर्ष नोंदवला. एखाद्या सुसंस्कृत राज्यकर्त्या वर्गाने ह्यानंतर काय केले असते? आमच्या राज्यकर्त्यांनी तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या 2017 साली पाडल्या आणि त्यांतील हजारो कुटुंबे ह्याच माहुलच्या इमारतींत आणून टाकली. लवादाचा निकाल दोन वर्षांचा जुना होता; तो कोणी वाचला नव्हता असे मानण्याइतके आपण भोळे नाही. ह्या माणसांनी विद्याविहारच्या पदपथावर ठाण मांडले, घर बचाओ घर बनाओ आंदोलनाने साथ दिली, आणि सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, कोणालाही बळजबरीने माहुलला पाठवू नका. जे जाऊ इच्छीत नाहीत त्यांना दरमहा 15 हजार रुपये भाडे द्या. 2020 साली लवादाने दोन तेल कंपन्या व दोन टाकी कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटींची भरपाई बसवली. तक्रार, पाहणी, निकाल, पुन्हा तक्रार, पुन्हा तपासणी! ह्या सगळ्या वर्षांत धाप लागणाऱ्यानेच धाप सिद्ध करायची होती.

मग प्रश्न उभा राहतो की, मोजण्याचे काम वस्तीनेच हाती का घेऊ नये? घेतलेच पाहिजे, आणि जगात ते घेतले गेले आहे. 1995 साली कॅलिफोर्नियातील एडवर्ड मॅसरी ह्या वकिलाने तेलशुद्धीकरण कारखान्याच्या वायूचा त्रास स्वतः भोगल्यावर अभियंत्यांकडून एक स्वस्त साधन करवून घेतले. साधी बादली, तिच्यात विशिष्ट प्लॅस्टिकची पिशवी, एक झडप आणि हवा ओढणारा छोटा पंप, एवढाच त्याचा प्रपंच. दुर्गंधी सुटली की पिशवीत हवा भरायची आणि ती प्रयोगशाळेकडे पाठवायची. लुइझियाना राज्यात नॉर्को येथे शेल कंपनीच्या कुंपणाला खेटून राहणाऱ्या कृष्णवर्णीयांनी मार्गी रिचर्ड ह्या शिक्षिकेच्या नेतृत्वाखाली ही बादली वापरली, आणि 2002 साली कंपनीला त्यांच्या स्थलांतराचा खर्च मान्य करावा लागला. आपल्याकडे तामिळनाडूत कडलूरच्या औद्योगिक वसाहतीभोवतालच्या गावकऱ्यांनी 2004 साली हीच बादली हाती धरली. त्यांच्या नमुन्यांत 22 विषारी रसायने निघाली. खेड्यातील माणसांनी ती पकडली, तोवर नियंत्रण मंडळाकडे त्यांची नोंदच नव्हती.

येथे एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. हल्ली काही संस्था व काही कंपन्या वस्त्यांतून स्वस्त सेन्सर वाटीत फिरतात आणि त्याला ‘नागरिकांचे विज्ञान’ असे गोंडस नाव देतात. हे छोटे यंत्र प्रकाशाच्या किरणाने धुळीचे कण मोजते. मुंबईच्या पावसाळ्यात हवा दमट झाली की पाण्याने फुगलेले कणही ते धूळ म्हणून मोजते. प्रमाणित केंद्राशेजारी ठेवून ते पडताळले नाही तर त्याच्या आकड्याला मंडळाचा कनिष्ठ अभियंताही एका वाक्यात निकालात काढील. आणि मुख्य म्हणजे बेंझीनचा त्याला पत्ताच लागत नाही. धुळीने भरलेल्या गिरणगावच्या बांधकामांजवळ ते उपयोगी पडेल. तेलाच्या टाकीखाली ते आंधळे आहे. 2019 सालच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमानेही आपले यश धुळीच्या कणांवरच मोजले. धूळ सर्वांची असते, तिला मालक नसतो. बेंझीन कोणत्या कुंपणातून आले ते बोट दाखवून सांगता येते. मोजमापाचा हा सोयीस्कर कल निव्वळ योगायोग आहे असे ज्याला वाटते त्याने खुशाल वाटून घ्यावे.

पण बादली असो की नळी असो, खरी कोंडी कायद्यात आहे. 1981 सालच्या हवा कायद्याच्या कलम 26 नुसार धुरांड्यातील नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला नोटीस देऊन, विहित रीतीने मोहोरबंद केला असेल तरच त्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालतो. 1987 साली दुरुस्ती होऊन 60 दिवसांची नोटीस देणाऱ्या कोणाही नागरिकाला कलम 43 खाली फिर्याद करण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे फिर्यादीचा हक्क नागरिकाला आणि पुराव्याची किल्ली मंडळाच्या कनवटीला! मंडळाने आपले अहवाल फिर्यादीला द्यावेत असेही तेथे म्हटले आहे. परंतु लगेच ‘सार्वजनिक हित’ नावाची पळवाट ठेवून ते नाकारण्याची मुभाही दिली आहे. ज्यांचे फुप्फुस जळते त्यांच्याहून वेगळी ही जनता कोणती, हे कायदा सांगत नाही. त्यात 2023 च्या जनविश्वास कायद्याने तुरुंगवासाच्या अनेक शिक्षा काढून त्यांच्या जागी 10 हजार ते 15 लाखांचा दंड आणला. विश्वास जनतेवर नव्हे, कारखानदारावर टाकलेला आहे.

आपल्याच चळवळीतील काही साथी दबल्या आवाजात म्हणतात की, हा मध्यमवर्गीयांचा प्रश्न आहे. हवेच्या नावाने कारखाने हाकलले की त्या जमिनीवर मनोरे उभे राहतात आणि कामगार देशोधडीला लागतो. ही भीती निराधार नाही. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते आपण डोळ्यांदेखत पाहिले. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. झडप गळू लागली की पहिला श्वास तिच्याशेजारच्या कामगाराचा कोंडतो, आणि तो कामगार अनेकदा कंत्राटी असतो. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायदा दुरुस्त झाला तेव्हा कामगारांना सुरक्षा समितीत स्थान आणि धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. तो हक्क कुंपणापाशी येऊन थांबला. कामगार आत मोजतील आणि वस्ती बाहेर मोजील, दोघांचे आकडे एका वहीत येतील, तर गळती रोखण्यासाठी कामगार लागतील, कमी होणार नाहीत. कारखाना हलवण्याची मागणी येथे कोणी करीत नाही. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरातदेखील 2015 सालच्या नियमाने प्रत्येक तेलशुद्धीकरण कारखान्याला कुंपणाच्या चहूबाजूंना बेंझीनच्या नळ्या लावून, दर दोन आठवड्यांचे आकडे जाहीर करणे आणि वार्षिक पातळी 9 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की कारण शोधून ते दूर करणे भाग पाडले. त्या नियमामुळे तेथील तेलधंदा बुडाला नाही.

आणि माहुलचे दोन्ही तेलशुद्धीकरण कारखाने तर आपले आहेत. एस्सो 1974 साली आणि बर्मा शेल 1976 साली राष्ट्राच्या मालकीचे झाले. पुरोगामी पक्षांनी त्याचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. पण मालक म्हणून जनतेच्या वाट्याला आले काय? दारावरची पाटी बदलली. कुंपणाबाहेरच्या मालकाला आपल्याच धुरांड्याचा आकडा मागायला अर्ज करावा लागतो. 2019 मध्ये केंद्र सरकारने भारत पेट्रोलियम विकायला काढली आणि 2022 मध्ये गिऱ्हाईक न जमल्याने तो बेत गुंडाळला. ती विकली गेली असती तर हा अर्जाचा हक्कही गेला असता, कारण माहितीचा अधिकार कायदा सार्वजनिक प्राधिकरणांना लागू आहे, शेजारच्या खाजगी टाकीवाल्यांना थेट नाही. सार्वजनिक क्षेत्राचे रक्षण आणि स्वच्छ हवेची मागणी ह्या एकाच लढ्याच्या बाजू आहेत असे आपण म्हणतो ते ह्या अर्थाने.

तेव्हा प्रत्येक शाखेने आपापल्या वस्तीत एक वही सुरू करावी. दुर्गंधी कधी सुटली, किती वेळ टिकली, वारा समुद्रावरचा होता की जमिनीवरचा, किती घरांत मुले खोकू लागली, हे त्याच रात्री तारीख-वार लिहावे; वाऱ्याची दिशा कोळीवाड्यातील म्हाताऱ्याला विचारावी, हवामान खात्याहून तो अचूक सांगेल. त्या वहीतील तारखा घेऊन, त्याच तासांचे धुरांड्यांवरील स्वयंचलित यंत्रांचे आकडे आणि कुंपणालगतच्या बेंझीनची मोजमापे माहितीच्या अधिकाराखाली मागावीत, कंपन्यांकडे एक अर्ज आणि मंडळाकडे एक. कायद्यात प्रमाणित नमुने घेण्याचीही तरतूद आहे, तीही अर्जात नमूद करावी. शुल्क 10 रुपये आहे. अर्ज मराठीत चालतो. सामान्य मुदत 30 दिवसांची असली तरी माहिती जीविताशी निगडित असेल तर ती 48 तासांत द्यावी लागते. अर्जाच्या पहिल्याच ओळीत त्या तरतुदीचा उल्लेख करावा, आणि नकार आला तर तो लेखीच घ्यावा.