हौदा माणसांसाठी नाही!

जालन्याच्या मध्यमवर्गीय घरात मोटार येणे ही आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. लहान मोटार घ्यावी की मोठी, एवढाच प्रश्न या घरांतून पूर्वी चर्चिला जाई. त्यात आता एका तिसऱ्या प्रस्तावाची भर पडली आहे. पुढे दोन रांगांची, पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी 'डबल कॅब' पिकअप घ्यावी काय? रविवारी ती कुटुंबाला देवदर्शन घडवील आणि सोमवारी शेतातला माल घरी आणील, असे तिच्या बाजूने सांगण्यात येते. एका दगडात दोन पक्षी मारण्याचा हा बेत वरकरणी मोठा व्यवहारचातुर्याचा दिसतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असे आमचेही म्हणणे नाही. परंतु या बेताच्या पोटात एक जीवघेणा धोका दडलेला आहे. त्याची चर्चा वाहन घेताना सहसा होत नाही. म्हणून ती येथे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा मोह आमच्याच जिल्ह्यात इतका प्रबळ का व्हावा, हे समजण्यासारखे आहे. जालना हे लोखंडाचे आणि बियाण्यांचे शहर खरे. पण येथल्या वकिलाचे, प्राध्यापकाचे, डॉक्टरचे आणि व्यापाऱ्याचे एक पाऊल अजून शेताच्या बांधावर आहे. अंबड-घनसावंगीकडे कोणाची मोसंबीची बाग आहे, भोकरदन-जाफराबादकडे कोणाची वडिलार्जित जमीन आहे, परतूर-मंठ्याकडे कोणाचे वृद्ध आईवडील आहेत. सुटीच्या दिवशी राजूरच्या गणपतीचे नाही तर अंबडच्या मत्स्योदरीचे दर्शन घ्यावयाचे, समर्थांच्या जांब गावी जाऊन यावयाचे, वाटेत शेतावर डोकवावयाचे आणि परतताना मोसंबीचे चार क्रेट व ज्वारीचे एक पोते घेऊन यावयाचे, हा येथला परिपाठच आहे. काळ्या मातीचा शेतरस्ता पावसाळ्यात लहान मोटारीला गिळून टाकतो, हेही खोटे नाही. तेव्हा उंच, दणकट आणि ओझे वाहणाऱ्या गाडीकडे मन ओढले गेले, तर त्यास केवळ हौस म्हणून हिणवता येणार नाही.

परंतु 'डबल कॅब' या एका नावाखाली बाजारात दोन अगदी भिन्न जातींची वाहने आहेत. एक जात व्यवसायाची. महिंद्राची बोलेरो कॅम्पर किंवा टाटाच्या योद्धाची दुहेरी केबिनची गाडी ही तिची उदाहरणे होत. त्यांची नोंदणी सामान्यतः मालवाहू म्हणून, पिवळ्या पाटीवर होते. अशा नव्या वाहनास पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. दुसरी जात शौकाची. २०१६ साली आलेली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली आलेली टोयोटाची हायलक्स या तिच्यातल्या ठळक. त्या पांढऱ्या पाटीवर, खाजगी म्हणून घेता येतात. त्यांची किंमत भारी आणि लांबी सव्वापाच मीटरांच्याही पुढे. चार मीटरांच्या आत बसणाऱ्या मोटारी जेथे एकमेकींना वाट देताना खरचटतात, त्या कादराबादच्या आणि जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून ही सव्वापाच मीटरांची गाडी रोज कशी वळवावयाची, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी केलेला बरा. पाटीचा रंग गाडीच्या वेगावरही परिणाम करतो. समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मालवाहू वाहनाला ८० चीच मर्यादा आहे.

गाडीचा स्वभावही ओळखून घ्यावा. पिकअपच्या मागच्या चाकांवर बहुधा पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, आणि त्या ओझ्यासाठी घडविलेल्या असतात. हौद्यात माल असला म्हणजे गाडी शांत चालते. हौदा रिकामा असला की खड्ड्याखड्ड्याला उसळते, आणि ओल्या रस्त्यावर हलके झालेले मागचे अंग घसरू पाहते. रविवारी कुटुंब घेऊन निघालेली पिकअप नेमकी रिकाम्या हौद्याचीच असते! मागच्या आसनाची पाठ केबिनच्या भिंतीला टेकलेली असल्यामुळे ती मोटारीच्या मानाने ताठ असते. अर्ध्या तासाच्या प्रवासात हे जाणवत नाही. पण अजिंठा किंवा लोणार करून आलेल्या आजोबांची कंबर त्याची साक्ष देईल. गाडी उंच असल्यामुळे गुडघेदुखी असलेल्या आजीला चढण्यास पायरी आणि आधाराची मूठ लागते. आणि हौद्यावर झाकण नसेल, तर मुलांच्या कपड्यांची बॅग एक तर धुळीने माखते, नाही तर पावसात भिजते. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, विक्रेत्याच्या दारातील गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून समाधान मानू नये. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला मागच्या आसनावर बसवावे, हौदा रिकामा ठेवावा, आणि ज्या रस्त्याने दर रविवारी जावयाचे आहे त्याच रस्त्यावर तासभर गाडी चालवून पाहावी. मागच्या तिन्ही आसनांना कमरेचा व खांद्याचा पट्टा आहे की नाही, हेही डोळ्यांनी पाहून घ्यावे.

ज्या घरात माणसे पाच किंवा त्याहून कमी आहेत, ज्यांना आठवड्यास खरोखरच शंभर-दोनशे किलो माल आणावयाचा आहे आणि ज्यांच्या शेताची वाट खरोखरच बिकट आहे, त्यांनी डबल कॅब खुशाल घ्यावी. पण ज्यांच्या शेतातून महिन्याकाठी दोन पोतीच यावयाची, त्यांनी त्या पोत्यांसाठी 'छोटा हत्ती' भाड्याने सांगावा आणि कुटुंबासाठी सात आसनांची मोटार घ्यावी. दोन पोत्यांपायी घरच्या सात माणसांना पाच आसनांच्या गाडीत कोंबणे यात कसली आली काटकसर?

येथेच त्या धोक्याची गाठ पडते. पाच आसनांच्या गाडीत सहावा माणूस येतो तेव्हा काय होते? मोटारीत तो दाटीवाटीने बसतो, किंवा मागे राहतो. पिकअपमध्ये मात्र त्याला जागा दिसते. "आम्ही मागे उभे राहतो, जवळच तर जायचे आहे!" असे म्हणून पोरे हौद्यात उड्या मारतात. मग चुलते बसतात, शेजारी बसतात. श्रावणात भजनी मंडळ बसते आणि लग्नसराईत वऱ्हाड बसते. मोकळा हौदा माणसाला बोलावतो. घरचा कर्ता भिडेपोटी गप्प राहतो.

या भिडेची किंमत काय असते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील स्त्रिया कुंडेश्वराच्या दर्शनास एका पिकअपमधून निघाल्या होत्या. पाईट गावाजवळच्या चढावर ते वाहन मागे आले आणि खाली कोसळले. निदान दहा मायभगिनी प्राणास मुकल्या. त्या काही साहस करावयास निघाल्या नव्हत्या. त्या देवाला निघाल्या होत्या. आमच्या जिल्ह्यातले रस्तेही चुकीला फार क्षमा करणारे नाहीत. जुलै २०२४ मध्ये पंढरपुराहून परतलेल्या वारकऱ्यांची जीप राजूर मार्गावर तुपेवाडीजवळ विहिरीत कोसळून सातजण दगावले. ती पिकअप नव्हती, हे खरे; पण रस्त्याच्या कडेला जेथे विहीर आ वासून उभी असते, तेथे उघड्या हौद्यातील, हाताला कठड्याखेरीज आधार नसलेल्या माणसाचे भवितव्य काय, हे का निराळे सांगावयास हवे?

जवळच जावयाचे आहे, गाडी हळूच चालवू, असे समर्थन केले जाते. ताशी ६० किलोमीटर हा वेग कोणी भरधाव म्हणत नाही. त्या वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर हौद्यातला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे फेकला जातो. तो आघात सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्याइतका असतो. आपल्या मुलाला गच्चीच्या कठड्यावर उभे करण्यास जो बाप धजणार नाही, तो त्याला हौद्यात उभे करतो आणि वर त्याचे छायाचित्र काढतो!

कायद्याची स्थितीही वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. मालवाहू वाहन मालासाठी असते, ही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची भूमिका आहे. विम्याबाबत तर पुष्कळांची समजूत साफ भ्रामक असते. गाडीचा विमा उतरविला म्हणजे तीत बसलेल्या सर्वांचा उतरविला, असे ते धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ साली ठरविले की, मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी सक्तीच्या विम्याखाली कंपनीवर पडत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले ते मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला. इतर प्रवाशांना ते नाही, हे २००४ च्या बलजित कौर प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीस आधी भरपाई देण्यास व मग ती मालकाकडून वसूल करण्यास सांगतात. पण अखेर बोजा येतो तो मालकाच्याच माथी. म्हणजे ज्याने प्रेमाने शेजाऱ्यांना देवाला नेले, त्याच्यावर त्यांच्या मरणाचे दुःख आणि वर शेतजमीन विकण्याची पाळी! पांढऱ्या पाटीच्या गाडीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. त्यांच्या नोंदणीपुस्तकात आसने पाचच लिहिलेली असतात, आणि हौदा त्यांत मोजलेला नसतो.

आमच्या या लिहिण्यावर एक आक्षेप येईल, तो आम्ही जाणून आहोत. खेड्यापाड्यांतील गोरगरीब दुसरे वाहन मिळत नाही म्हणून हौद्यात बसतात. त्यांना दोष देऊन काय साधणार? आम्ही त्यांना दोष देत नाही. वेळेवर एस. टी. न पोहोचविणाऱ्या व्यवस्थेला तो दोष आहे. परंतु आजचा आमचा प्रश्न शहरातल्या सुशिक्षितांना आहे. लाखो रुपये मोजून पिकअप घेणाऱ्याला 'नाइलाज' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणी दिला? गर्दी जमली तर दुसरी गाडी सांगता येते. एस. टी.त स्त्रियांना २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत मिळाली आहे; मंडळ मोठे असेल तर अख्खी बस ठरविता येते. हे सारे करण्याची ऐपत ज्यांना आहे, त्यांनीच हौद्यात माणसे भरली, तर खेड्यातला मजूर त्यांच्याकडून कोणता धडा घेईल?

म्हणून आमचे मागणे आहे. विक्रेत्यांनी डबल कॅब विकताना हौद्यात माणसे बसविता येणार नाहीत, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगावे आणि लेखीही द्यावे. परिवहन खात्याने आणि पोलिसांनी अंगारकीला राजूरच्या रस्त्यावर उभे राहून अशी वाहने थांबवावीत, आणि केवळ दंडाची पावती फाडून न सोडता माणसांना हौद्यातून खाली उतरवून बसमध्ये बसवावे. वाहतूक वाहनातील जादा प्रवाशामागे दोनशे रुपये, ही २०१९ च्या दुरुस्तीने ठरविलेली दंडाची रक्कम वचक बसविण्यास पुरी पडणारी नाही. तेव्हा प्रत्यक्ष खाली उतरविणे हाच खरा बंदोबस्त होय.

आणि घरच्या कर्त्याकडे आमचे मागणे सर्वांत मोठे आहे. गाडी आणावयाच्या आधी त्याने घरातील माणसे मोजावीत. सणासुदीला येणाऱ्या लेकी-जावयांसह, नातवंडांसह मोजावीत. ती पाचांत बसत नसतील, तर डबल कॅबचा नाद सोडावा. बसत असतील, तर गाडी दारात येईल त्याच दिवशी हौद्यावर झाकण चढवावे आणि घरात एक नियम घालून द्यावा : या हौद्यात मोसंबी बसेल, ज्वारी बसेल, खताची पोती बसतील, माणूस बसणार नाही. पाहुणा रुसला तर रुसू द्यावा. रुसलेल्या पाहुण्याची समजूत संध्याकाळी घालता येते.