शेवळाचा वास सोसा, चार कंद परसात लावा

पहिला पाऊस झाला की मुरबाड-शहापूरच्या बाजारात शेवळाच्या जुड्या येतात. काकडं घालून केलेली भाजी आपण चवीनं खातो. काकडं नसली तर घसा खवखवतो, हे कुणाला सांगायला नको. पण आपण खातो ते शेवळाचं न उमललेलं फूल. ते खुडलं की त्या सालचं बी गेलं.

उमललेल्या शेवळाला कुजकी घाण येते, म्हणून घराजवळ ते नको असतं. त्याच वासाला माश्या-किडे येतात आणि पराग इकडून तिकडे जातो. एकाच दांड्यावर मादीफुलं आधी तयार होतात, नरफुलांचा पराग मागाहून सुटतो. म्हणजे एकट्या शेवळाला बी धरणं कठीण, शेजारी दुसरं हवं. रानात एखाददुसरंच शिल्लक ठेवलं तर उपयोग काय?

बांधावरचे कंद उन्हाळ्यात काढून आंब्या-फणसाच्या सावलीत, पाणी न तुंबणाऱ्या जागी लावावेत. रान मात्र खणू नये. लहान कंदाला नुसतं पान येतं, फूल पोसलेल्या कंदालाच. पावसाळा सरल्यावर पान वाळतं. मेलं समजून उपटू नका.

ठाकूर-कातकरी बायांना यातून चार पैसे मिळतात. तेव्हा बंदीची भाषा नको. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावात समिती नेमायची आहे. सरपंचांनी या बायांनाच विचारून कुठली जागा राखायची ते ठरवावं, आणि तेही १ मेच्या ग्रामसभेत. जुड्या बाजारात आल्यावर नव्हे.