शिंगराचा गुडघा आणि वंशावळीचा कागद

शर्यतीच्या घोड्यांच्या किमतींविषयी पुष्कळ छापून येते. त्यांच्या हाडांविषयी क्वचितच. वस्तुतः त्या किमतीचा निकाल कित्येकदा सांध्यातील बोराएवढ्या पोकळीवर लागतो. वाढीच्या वयात कूर्चेखालचे हाड नीट घडले नाही, किंवा कूर्चेला इजा झाली, म्हणजे तेथे द्रवाने व तंतुमय पेशीजालाने भरलेली पोकळी तयार होते. पशुवैद्यक तिला सिस्ट म्हणतात. ती बहुधा आढळते मागच्या पायाच्या गुडघ्यात, मांडीच्या हाडाच्या आतील गोलाकार टोकात. (पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते शरीररचनेच्या दृष्टीने घोड्याचे मनगट होय!) शिंगरू शर्यतीच्या तालमीला लागले की लंगडू लागते.

दुर्बिणीतून पोकळी खरवडून काढणे हा बराच काळ मुख्य उपाय होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ८५ घोड्यांच्या पाहणीत तीन वर्षांपर्यंतच्या घोड्यांपैकी ६४ टक्के, तर त्याहून मोठ्यांपैकी अवघे ३५ टक्के बरे झाले. पोकळीचे अस्तरच हाड झिजविणारी द्रव्ये स्रवते, हे ध्यानी आल्यावर त्यातच स्टेरॉइड टोचण्याची रीत आली. पुढे अमेरिकेतील एलिझाबेथ सँत्शी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोकळी न खरवडता तिच्यातून आडवा स्क्रू घालून पाहिला. भार जसा पडेल तशी हाडाची घडण बदलते, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली प्रतिपादिले होते. स्क्रूमुळे भाराची वाटणी बदलते आणि पोकळी काही महिन्यांत हाडाने भरू लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २० घोड्यांच्या प्राथमिक अहवालात १५ घोड्यांचे लंगडणे थांबले होते. मुक्या जनावराची वेदना शमविणाऱ्या या विद्येविषयी आदरच वाटला पाहिजे.

प्रश्न आहे तो पुढचा. घोडा बरा झाला, धावला, जिंकला. मग तो पैदाशीला जातो. वाढीच्या वयातील कूर्चाविकारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे अनेक जातींच्या अभ्यासांतून दिसले आहे. प्रस्तुत पोकळ्यांत तो नेमका किती, हे ठरविण्यासाठीच नोंदी हव्यात. आणि नेमक्या त्याच खासगी दवाखान्यांच्या कपाटांत राहतात. केंटकीतील कीनलंडच्या लिलावात शिंगरांची क्ष-किरण चित्रे ग्राहकाच्या पशुवैद्यकाला पाहावयास मिळतात, ही चांगली प्रथा. परंतु ती ग्राहकाच्या पैशाचे रक्षण करते, अजून न जन्मलेल्या शिंगराचे नव्हे. उलट नेदरलँड्समध्ये स्वारीच्या घोड्यांची पैदास करणाऱ्या संघटनेने वळूंच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी निवडीचाच भाग केली आहे. शर्यतीच्या जगाला हे जड जाईल, कारण तेथे वळूचे मोल त्याने मारलेल्या बाजीवरून ठरते. पण जड जाते म्हणून ते अशक्य ठरत नाही.

भारतातील थरोब्रेड घोड्यांचे स्टड बुक पुण्यातून सांभाळले जाते. त्यात आईबापांची खातरजमा जनुकीय चाचणीने होते, शरीरावरील खुणाही टिपल्या जातात. ज्या वहीत कपाळावरील पांढऱ्या ठिपक्याला स्थान आहे, तिच्यात गुडघ्यातील स्क्रूलाही असावे. शस्त्रक्रिया झालेल्या घोड्याला पैदाशीतून बाद करा, असे कोणी म्हणत नाही. घोडी नेणाऱ्या मालकाला ते आधी कळावे, एवढेच मागणे आहे.