केस बाईचे, हुकूम कोणाचा?

गेल्या श्रावणातली गोष्ट. गोंदिया शहराला लागून असलेल्या एका वस्तीत बचत गटाची मासिक बैठक होती. रोवणी नुकतीच आटोपली होती. महिनाभर बांधीच्या चिखलात वाकून काम केलेल्या बायका बऱ्याच दिवसांनी जरा निवांत बसल्या होत्या. कर्जफेडीचा हिशेब झाला, सह्या-अंगठे झाले आणि मी नेहमीप्रमाणे विचारले, "आणखी कोणाला काही बोलायचे आहे का?" मला वाटले रेशनचा विषय निघेल, नाहीतर दारूचा. तर मागच्या रांगेतली एक चाळिशीची बाई पदराआडून हसत म्हणाली, "ताई, केसायचा रंग पंधरा दिवसात उडून जाते. का केलं म्हंजे टिकंल?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण खरे सांगायचे तर मनातून थोडी नाराज झाले. इतके प्रश्न पडलेले असताना ही बाई केसांच्या रंगाचे काय घेऊन बसली, असे वाटले. आम्ही शिकल्या-सवरलेल्या कार्यकर्त्या बायकांच्या वतीने प्रश्नांची उतरंड आधीच लावून ठेवतो. त्यात मारहाण वर, मजुरी वर, जमीन वर. आणि केस, नटणे, आरसा हे सगळ्यात खाली. काहीतरी टोलवाटोलवीचे उत्तर देऊन मी विषय संपवणार, एवढ्यात तिच्या शेजारची दुसरी बाई हळूच म्हणाली, "तिले लावता तरी येते. नवरा गेला तं माह्या केसायचाबी रंग गेला."

यावर कोणी हसले नाही.

मग एकेक जण बोलायला लागली. जिने प्रश्न विचारला ती लग्नसराईत केटरिंगच्या कामाला जाते. पोळ्या लाटणे, भांडी घासणे, वाढणे. ठेकेदार माणसे निवडतो तेव्हा पांढऱ्या केसांच्या बाईला म्हणतो, "आजी, तुमच्याने होणार नाही." वय बेचाळीस, आणि आजी! तिच्यासाठी केसांचा रंग म्हणजे चार महिन्यांची मजुरी होती. दुसरीचा नवरा जाऊन सहा वर्षे झाली. भाचीच्या लग्नात तिने एकदा केस काळे केले, तर जावेने चारचौघींत विचारले, "का व, कोनासाठी?" त्या दोन शब्दांनंतर तिने पुन्हा रंगाला हात लावला नाही.

परतताना तिचे ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते मी आमच्याच घरी पाहिले होते. बाबा गेले तेव्हा मी नागपूरला समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आई अठ्ठेचाळीस वर्षांची. तेराव्याच्या दिवशी घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी आईचे कपाट उघडले. हिरव्या बांगड्या, कुंकवाचा करंडा, गजऱ्याचे आकडे एका पिशवीत भरले. त्यातच केसांच्या रंगाचे अर्धे पाकीट आणि ब्रशही टाकला. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. 'विधवांच्या समस्या' या विषयावर मी त्याच वर्षी निबंध लिहिला होता, चांगले गुणही मिळाले होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीन महिन्यांत आईच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटांची पांढरी पट्टी उमटली. जणू घरात काय घडले त्याची नोटीस तिच्या डोक्यावर चिकटवली होती.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात बाईच्या केसांवरचा हा हुकूम नवा नाही. एकेकाळी उच्चवर्णीय घरांत नवरा मेला की बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरवत. १८८२ साली आपल्या विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारले, की बायको मेली तर पुरुषाला काही बंधन नाही, मग नवरा मेला तर बाईलाच का? आणि १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवले, की आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही. मला ही घटना फार मोलाची वाटते. ज्या हातांकडून हे काम करून घेतले जात होते, त्या हातांनीच नाही म्हटले.

आमच्या भागातल्या बायका म्हणतील, आमच्यात केशवपन कधी नव्हतेच. खरे आहे. इथल्या अनेक बहुजन आणि आदिवासी समाजांत विधवेचा पाट लागत असे. पण 'सुधारलेले' दिसण्याच्या नादात आपण वरच्यांचे काय काय उचलले, ते पाहण्यासारखे आहे. वस्तरा गेला, नियम राहिला. आता कोणी केस कापत नाही, फक्त "कोणासाठी?" असे विचारतात. आणि नवरा जिवंत असला तर उलटा हुकूम असतो: "काय अवतार केलास, केस तरी रंगव." विधुर माणूस मात्र बायकोच्या वर्षश्राद्धाच्या आत मिशा काळ्या करून मुलगी पाहायला निघाला, तर लोक म्हणतात, "बिचाऱ्याचा संसार लागला पाहिजे."

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे परिपत्रक काढले. ठराव मोठा आहे. पण ठरावात न मावणाऱ्याही गोष्टी असतात. कपाटातले पाकीट ही त्यातलीच एक.

इथे काही मैत्रिणी विचारतील, की रंगाच्या कंपन्यांचा बाजार आपण का वाढवायचा? पांढऱ्या केसांची लाज बाईला शिकवली कोणी? प्रश्न अगदी रास्त आहे. १९९६ साली बंगळुरूला विश्वसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा स्त्री संघटनांनी रस्त्यावर उतरून हाच मुद्दा मांडला होता, आणि तो मला आजही पटतो. पण बाजार बाईला म्हणतो की पांढरे केस लाजिरवाणे आहेत, आणि जातबिरादरी विधवेला म्हणते की काळे केस लाजिरवाणे आहेत. दोघांचेही हुकूम एकाच डोक्यावर. मी बाजाराच्या विरोधात म्हणून बोलले आणि विधवेच्या कानावर ते बिरादरीचेच बोलणे म्हणून पडले, तर माझे काहीतरी चुकले. आपले म्हणणे एवढेच असले पाहिजे, की रंगवायचे की नाही ते तिने ठरवावे, आणि ठरवताना तिला पुरती माहिती असावी.

ही माहितीच मिळत नाही. म्हणून पुढच्या बैठकीला मी वाचून-विचारून गेले. ज्या प्रश्नाला मी हसले होते, त्यावर आम्ही दीड तास बोललो. त्यातले थोडे इथे देते.

केसावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक पदर असतात. पाकिटातला पक्का रंग हे खवले उघडून आत शिरतो. खवले मिटलेले राहिले तर रंग टिकतो आणि केस चमकतात. उघडे राहिले तर रंग वाहून जातो आणि केस राठ होतात. आमच्या गटातल्या निम्म्या बायका कपड्यांच्या साबणाने डोके धूत होत्या. तो साबण खारट, खवले उघडणारा. रंग पंधरा दिवसांत उडण्याचे मोठे कारण तेच निघाले. रंग लावल्यावर दोन दिवस डोके धुऊ नये. नंतरही आठवड्यातून एक-दोनदाच, सौम्य शाम्पूने किंवा शिकेकाईने, कोमट वा गार पाण्याने धुवावे. कढत पाण्याने नाही. धुण्याआधी खोबरेल तेल लावावे. उन्हात काम करताना डोके बांधावे, उन्हानेही रंग विटतो. दर वेळी सगळे केस रंगवू नयेत, फक्त मुळाशी वाढलेला पांढरा भाग रंगवावा. केसही वाचतात, पैसेही.

आता धोक्याचे. काळ्या रंगांत बहुधा पॅराफेनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, नावाचे रसायन असते. काहींना ते सोसत नाही. वर्षानुवर्षे लावून काही झाले नाही, आणि एके दिवशी डोळे सुजून बंद, कपाळावर फोड, असेही होते. आमच्याच गटातल्या एकीचे तसे झाले होते, आणि ती 'नजर लागली' म्हणून चार दिवस घरात बसून होती. तिने लावली होती ती बाजारातली 'काळी मेंदी'. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस येतो. जी मेंदी अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करते, तिच्यात दुसरे काही मिसळलेले आहे असे समजावे. 'अमोनिया नाही' असे लिहिलेल्या पाकिटातही पीपीडी असू शकते. म्हणून रंग लावायच्या दोन दिवस आधी कानामागे थोडासा लावून पाहावा. खाज, लाली, सूज आली तर तो रंग पुन्हा लावू नये. भुवयांना कधीच लावू नये, डोळ्यांना इजा होते. आणि पाकीट मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये. हा रंग पोटात गेला तर गळा सुजतो, मूत्रपिंडे निकामी होतात. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता लगेच दवाखाना गाठावा.

पीपीडी असलेल्या रंगाच्या पाकिटावर हा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापला पाहिजे, असा कायदा आहे. आम्ही आठवडी बाजारातून चार पाकिटे आणून वाचली. दोनांवर मराठी अक्षर नव्हते. एकावर होते ते इतके बारीक, की माझ्याने चष्मा लावूनही वाचवले नाही. गोरी-काळी, जाड-बारीक बाईचा फोटो मात्र बोटभर मोठा. ग्राहक बाई आहे हे कंपनीला कळते, तिला वाचायचे आहे हे कळत नाही.

शेवटची गोष्ट रक्ताची. "केस खूप गळतात, चमक गेली," असे म्हणणाऱ्या बायकांना मी जेवणाचे विचारले. सगळ्यांचे जेवून झाल्यावर उरेल तो भात आणि रस्सा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे परिस्थिती बिघडली. अंगात लोह कमी पडले की शरीर ते आधी जीव जगवायला वापरते, केसांची पाळी शेवटी येते. अशा केसांना कोणत्याही बाटलीतले तेल चमक देऊ शकत नाही. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे साधारण असते, बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी जास्त गळतात आणि ते भरूनही येतात. त्याहून अधिक गळत असतील तर रक्त तपासून घ्यावे. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, तेव्हा तीही तपासणी करावी. तो आजार असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही. त्या बैठकीनंतर अकरा जणी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायला गेल्या. 'रक्तक्षय निर्मूलन' या विषयावर मी दोन वर्षे बोलत होते, तेव्हा इतक्या कधी गेल्या नव्हत्या. केसांसाठी मात्र गेल्या.

दिवाळीत आईकडे गेले तेव्हा धीर करून विचारले, "आई, केस रंगवायचे का? मी लावून देते." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता पांढऱ्याची सवय झाली ग. पण तेव्हा कोणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

मी तिच्या केसांना तेल लावून दिले. ते तिचे खरेच आवडीचे पांढरे आहेत की अंगवळणी पडलेले, हे मला ठरवता आले नाही, आणि ते ठरवणारी मी कोण? पण तिला विचारायला मला बारा वर्षे लागली, याची खंत आहे.

आमच्या गटातल्या त्या दुसऱ्या बाईने संक्रांतीच्या आधी कानामागे रंग लावून पाहिला. दोन दिवस काही झाले नाही, तेव्हा पहिलीनेच तिच्या केसांना रंग लावून दिला. जावेने पुन्हा विचारलेच, "कोनासाठी?" या वेळी गटातल्या चौघी सोबत होत्या. ती म्हणाली, "माह्यासाठी."

तुमच्या गावात, तुमच्या घरात हा प्रश्न कोण कोणाला विचारते? आणि तुम्ही कधी कोणाला विचारला आहे का? जरूर लिहा.